बटणाची मान

मास्तरांच्या दुकानात कुणाला नावानं हाक मारायची रीतच नव्हती. काजं करणारी ती काजवाली मावशी, वयानं सगळ्यांत लहान ती धाकटी आणि डाव्या हातानं काम करायचा तो डावऱ्या. मास्तर मात्र मास्तरच. त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

डावऱ्या म्हणजे मास्तरांच्या डोक्याला ताप होता. साऱ्या दुकानाची मांडणी उजव्या हाताची. कात्र्या उजव्या, मशीनची चाकं उजवीकडे, आणि हा गडी सगळ्याच्या उलटा. बाकावर बसवला की त्याचं कोपर शेजारच्याच्या बरगडीत. म्हणून त्याला समोर एका स्टुलावर एकटा बसवला होता. त्यात त्याची ती बटणं. चार भोकांचं बटण सगळे शिंपी दोन रेघांत शिवतात, नाहीतर फुलीत. हा एकाच भोकातून तीन टाके तीन दिशांना काढायचा. मास्तर त्याला कोंबडीचा पाय म्हणायचे. "गिऱ्हाइकाच्या छातीवर कोंबड्या नाचवतोस काय रे?" असं म्हणून ते बटण उसवायला लावायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुठल्यातरी कोटावर कोंबडीचा पाय उमटलेला असायचाच.

धाकटी दुकानात लागली तेव्हा तिला बटणं शिकवायचं काम मास्तरांनी त्याच्याकडेच दिलं, बहुधा वैतागून. ती त्याच्या समोर बसून शिकली, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताचं सगळं तिला उजव्या हातानं उचलता आलं, आरशात बघून केस विंचरावेत तसं. टाक्याची लांबी, दोरा ओढायची रीत, बटण आणि कापड यांच्यामध्ये दोऱ्याचे वेढे घेऊन बटणाला मान आणायची पद्धत, सगळं तिच्या बोटांत जसंच्या तसं उतरलं. दोघांची बटणं शेजारी शेजारी ठेवली तर मास्तरांनाही ओळखू येत नसत. फरक एवढाच, की तो मानेचे वेढे एका अंगानं घ्यायचा आणि ती दुसऱ्या. पण मान असते बटणाच्या खाली. तिथं वाकून बघायला कोण जातंय?

पुढं व्हायचं ते झालं. समोरासमोर बसून दिवसभर एकमेकांच्या हातांकडे बघणाऱ्या दोन माणसांचं दुसरं काय होणार? दुकानात सगळ्यांना कळलं होतं, म्हणून तर कुणी काही विचारत नव्हतं. घरी मात्र कुणाला पत्ता नव्हता. त्याच्या घरी होती फक्त आई. शाळेत घंटा द्यायची तिची नोकरी. वडील कधीच गेलेले, थोरली बहीण लग्न होऊन लांबच्या गावी. धाकटी मामाच्या घरी वाढलेली, तिथं तिच्या लग्नाची घाई कुणालाच नव्हती. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता लढाई लागली आणि सांगायचं राहूनच गेलं. त्याला फौजेचं बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "आता तरी सांग आईला."

"आता सांगितलं तर ती रोज तुला समोर बसवून रडेल," तो म्हणाला. "आल्यावर सांगू. तेव्हा तिच्याशी भांडायला निदान मी तरी असेन."

फौजेलाही शिंपी लागतात. धंदा विचारला तेव्हा त्यानं तो खरा सांगितला होता, त्यामुळे बंदुकीबरोबर सुईही त्याच्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं. इकडे मास्तरांच्या दुकानाचं रूप तोवर पार पालटलं होतं. लग्नाचे कोट बंद झाले होते. आघाडीवरून फौजेचे फाटके कोट गठ्ठ्यांनी यायचे, दुरुस्त होऊन गठ्ठ्यांनी परत जायचे. लाल पट्टा मारलेले गठ्ठे तो जाणार होता त्या भागातले. ते तिथूनच यायचे आणि तिथंच जायचे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यानं एक निळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर शिवून उरलेलं. अर्धा दोरा दुसऱ्या रिळावर गुंडाळून त्यानं तिच्या हातात दिला.

"तिकडं माझ्या हाताखालून जो कोट जाईल, त्याचं वरून दुसरं बटण मी या दोऱ्यानं शिवीन. आपलं नेहमीचं, कोंबडीचं. तुझ्याकडं आला की ते कापून टाक आणि तिथं तुझं शीव. माझ्याकडं परत आला की मी तुझं कापीन, माझं शिवीन. म्हणजे तुझ्याकडं येईल ते माझं आणि माझ्याकडं येईल ते तुझं."

"आणि एखादा कोट तुझ्या हातातच नाही आला तर?"

"तिथला शिंपी मीच. जाईल कुठं?"

पहिलं निळं बटण आलं तेव्हा धाकटीनं तो कोट मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. कोट कुणाचा होता कोण जाणे. डाव्या खिशाला जळलेलं भोक होतं, धुऊनही धुराचा वास गेला नव्हता. पण दुसऱ्या बटणावर निळ्या कोंबडीनं पाय ठेवला होता. त्यानं हात लावलेल्या वस्तूला आपण हात लावतोय एवढ्यानंच तिचे हात कापायला लागले. काजवाली मावशी शेजारी बसली होती. तिनं ते बघितलं आणि तोंडातली सुपारी गालात सरकवून म्हणाली, "नुसतीच कापतेस काय? बटण काप. मास्तर बघतायत." धाकटीनं बटण कापलं, मानेचे वेढे सोडवले, आणि तिथं आपलं शिवलं. त्या दिवशी ती घरी चालत गेली की उडत, ते तिला सांगता आलं नसतं.

आघाडीवरची पत्रं आधी उशिरा यायची, मग अर्ध्या ओळींवर काळं फासून यायला लागली, मग त्या भागातलं टपालच बंद झालं. गावात ज्यांची माणसं तिकडं होती त्यांनी दाराकडे बघत बसायची सवय लावून घेतली. धाकटी दाराकडे बघायची नाही. ती गठ्ठ्यांकडे बघायची. लाल पट्ट्याचा गठ्ठा सुटला की त्यात कधी एक, कधी तीन, कधी एकही नाही, असे निळे पाय सापडायचे. नसले की ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही. असले की मास्तरांच्या शिव्याही तिला गोड लागायच्या.

मग त्याच्या आईच्या, म्हणजे शाळेत घंटा देणाऱ्या काकूंच्या, हातात फौजेचा तो कागद पडला. तुमच्या मुलाचा ठावठिकाणा लागत नाही, एवढंच त्यात होतं. बातमी दुकानात आली आणि धाकटी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेली. मी दुकानातली, तुमच्या मुलाच्या हाताखाली शिकले, एवढीच तिनं ओळख दिली. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. रडून टाकलं असतं तर बरं, असं शेजारणी आपसांत म्हणत होत्या.

"काकू," धाकटी म्हणाली, "परवाच्या गठ्ठ्यात त्यानं शिवलेलं बटण होतं. नवं. आपल्या दोऱ्याचं. कागद जुना असेल."

काकूंनी वर बघितलं. "नक्की त्याचंच?"

"त्याच्याशिवाय तसं कोणी शिवतच नाही."

अर्धं खरं होतं ते. तसं आणखी एक माणूस शिवत होतं आणि तेच माणूस समोर बसून बोलत होतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते तो आल्यावर सांगायचं ठरलं होतं. काकूंनी कागदाची घडी केली आणि डाळीच्या डब्याखाली सारली. त्या दिवसापासून लाल पट्ट्याचा गठ्ठा सुटला की धाकटी संध्याकाळी काकूंकडे जायची आणि "आहे" म्हणायची. काकू चहा टाकायच्या. दोघी त्याच्याविषयी बोलायच्या, एक आई म्हणून आणि एक दुकानातली म्हणून.

लढाई सरकत सरकत गावाच्या अंगावर आली. आधी रात्री क्षितिजावर उजेड दिसायचा, मग दिवसाही आवाज यायला लागला. शाळेत धान्याची पोती पडली, घंटा बंद झाली. लोक गाव सोडायला लागले. त्याची थोरली बहीण एका सकाळी ट्रकबरोबर आली, आईला न्यायला. आणि आई काही केल्या हलेना.

ताई घरून तडक दुकानात आली. धाकटीला तिनं कधी बघितलं नव्हतं, पण समोर येऊन उभी राहिली ती भांडायच्याच तयारीनं.

"बटणवाली ती तूच ना?"

धाकटी उठून उभी राहिली.

"दुपारी ट्रक सुटेल. त्यानंतर दुसरा मिळायचा नाही. आई म्हणते, पोरगा जिवंत आहे, तो येईल आणि दाराला कुलूप बघून परत जाईल. मी विचारलं, तुला काय माहीत? तर म्हणते, दुकानातली मुलगी सांगते. तुझ्या बटणांनी माझ्या आईला इथं बांधून ठेवलंय. उद्या या घरावर काही पडलं तर ते कुणाच्या डोक्यावर?"

धाकटीच्या गालावर कुणीतरी मारल्यासारखं झालं. पण तिला राग आला नाही. ताईचं काही खोटं नव्हतं. "ताई," ती म्हणाली, "आजच गठ्ठा आलाय. त्यात असेल. बटण कापून घेऊन येते मी. काकूंच्या हातात देते आणि सांगते, तो आहे, आला की त्याला तुमच्या गावाचा पत्ता मी देईन. मग त्या निघतील."

"लवकर ये," एवढंच म्हणून ताई गेली.

मास्तरांनी गठ्ठ्याची दोरी तोडली. एरवी दोरी सोडवायला लावणारे मास्तर, पण त्या दिवशी त्यांनी तोडली. कोट बाहेर पडले. धाकटी एकेकाची छाती चाचपत गेली. चौथ्या की पाचव्या कोटाला निळा पाय सापडला आणि तिच्या जिवात जीव आला. तिनं बटण वर उचलून धरलं आणि खाली कात्रीचं टोक घातलं.

मान काळी होती.

वर निळा पाय आणि खाली काळ्या दोऱ्याचे वेढे. तिला आधी काहीच कळलं नाही. मग कळलं. मागं एकदा आपला निळा दोरा संपत आला म्हणून तिनंच काटकसर केली होती. वरचे टाके, जे डावऱ्याला दिसणार, ते निळे. खालची मान, जी कुणी बघत नाही, ती काळी. चार-पाच कोटांना केलं होतं तसं, मग मावशीनं तिला कुठूनसा जवळपास त्याच रंगाचा दोरा आणून दिला होता.

हे बटण तिचं होतं.

तिनं दुसरा कोट ओढला. त्यावरचं बटण पूर्ण निळं होतं. तिनं कात्री बाजूला ठेवली आणि मानेचे वेढे बोटांनी सोडवायला सुरुवात केली. ते तिच्याच अंगानं सुटत आले. तिसरा कोट. तोही तसाच. पहिल्या पहिल्यांदा वेढे सोडवताना बटण उलट्या बाजूला फिरवावं लागायचं आणि तिला गंमत वाटायची, हे तिला आता आठवलं. ते उलटं फिरवणं कधी थांबलं, ते मात्र काही केल्या आठवेना. हाताला कळलं असणार. हातानं डोक्याला सांगितलं नाही, किंवा सांगितलं आणि डोक्यानं ऐकून घेतलं नाही.

तुझ्याकडं येईल ते माझं, असं ठरलं होतं. म्हणून तिनं कधी तपासलंच नाही. कोट जात होते, सैनिकांच्या अंगावर चढत होते, फाटत होते, परत येत होते. तिथं बसून तिचं बटण कापणारं कुणी नव्हतं, म्हणून तिची बटणं तिच्याचकडे परत येत होती. आणि ती त्यांना कवटाळत होती, चहा पिऊन "आहे" म्हणून सांगत होती.

मावशीनं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या सुटलेल्या दोऱ्याकडे. मास्तरच म्हणाले, "जायचंय ना तुला कुठं? मग जा. उभी राहून काय होणार?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच खरखरीत होता, पण ते तिच्याकडे न बघता बोलत होते.

रस्त्यात तिला दोनदा वाटलं, सुटलेलं बटण तर हातात आहेच. द्यावं नेऊन. तो आहे म्हणावं, काकू ट्रकमध्ये बसतील, जीव वाचेल, आणि खोट्यानं कुणाचं काय बिघडलं? काकू जन्मभर दुसऱ्या गावी त्याची वाट बघत बसतील, एवढंच. तिनं त्या "एवढंच"चा विचार केला आणि तिला आपलीच किळस आली. इतके दिवस तरी ती फसलेली होती. आता फसवणारी झाली असती.

काकूंच्या घरात ताईनं दोन बोचकी बांधून ठेवली होती. काकू त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. धाकटी आत आली तशा वळल्या.

"आहे?"

"नाही काकू."

"या खेपेला नसेल. मागं पण एकदा दोन गठ्ठे काही नव्हतं."

"मागं पण नव्हतं," धाकटी म्हणाली. ती खाली बसली. "कागद आला तेव्हाही नव्हतं. कधीपासून नाही ते मला सांगता येत नाही. मी जी बटणं त्याची म्हणून सांगत होते ती माझी होती. मी शिवून पाठवायची, आणि तीच परत यायची. तिकडं ती कापायला कुणी नव्हतं. मला आज कळलं."

ताईचा हात बोचक्याच्या गाठीवर तसाच राहिला. बाहेर कुणीतरी खाट ओढत नेत होतं, तिचे पाय रस्त्यावर घासत होते.

"म्हणजे माझा मुलगा गेला," काकू म्हणाल्या.

"ते मला माहीत नाही. मला काहीच माहीत नाही. माहीत आहे असं मी म्हणत होते, ते खोटं होतं."

"मुद्दाम?"

"नाही. मलाही ते खरंच वाटत होतं."

काकूंनी बराच वेळ तिच्याकडे बघितलं. शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघतात तसं नव्हे, नीट, सावकाश, जणू इतके दिवस चहा पाजूनही हिला बघायचं राहून गेलं होतं.

"तू कशाला शिवून पाठवत होतीस?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे धाकटीला रस्ताभर ठाऊक होतं.

"त्यानं सांगितलं होतं. जाताना. तो शिवणार, मी शिवणार, असं आमचं ठरलं होतं." तिनं मान खाली घातली. "तो आल्यावर तुम्हाला सांगणार होतो."

ताईनं तोंडाला पदर लावला. काकूंचा चेहरा मात्र हलला नाही. त्यांनी फक्त पुढं होऊन धाकटीचं मनगट धरलं. त्यांच्या हाताला इतक्या वर्षांच्या घंटेच्या दोरीचे घट्टे होते.

"तू त्याला काय म्हणायचीस?"

"दुकानात सगळे म्हणायचे तेच."

"ते दुकानात. दोघंच असताना?"

धाकटीला लाज वाटली. अशा वेळी लाज वाटावी याचीही लाज वाटली. "काहीच नाही. नाव घेतलं नाही कधी. नुसतं 'ऐक ना' म्हणायचे."

"आणि तो?"

"'ऐकतोय' म्हणायचा. वर बघायचा नाही. हातातलं काम चालूच असायचं."

"तसाच," काकू म्हणाल्या. "मी जेवायला बोलावलं तरी तसाच. ऐकतोय म्हणायचा आणि भात गार व्हायचा." त्या हसल्यासारख्या झाल्या, आणि मग तो कागद आल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते आलं. आवाज न करता, दम लागेपर्यंत त्या रडल्या. मनगट त्यांनी सोडलं नाही. ताई येऊन त्यांच्या पाठीशी बसली.

थोड्या वेळानं काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हण बघू एकदा. त्याला म्हणायचीस तसं."

"काकू, नको."

"म्हण."

धाकटीनं दाराकडे बघितलं. मग खाली, आपल्या हातांकडे.

"ऐक ना," ती म्हणाली.

हाक मारल्यावर माणूस जेवढा वेळ थांबतं तेवढा वेळ तिघीही थांबल्या, आणि त्याहून थोडा जास्त. मग चौकातून ट्रकचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. काकू जमिनीला हात टेकून उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"थोरले," त्या म्हणाल्या, "पुढं जाऊन ड्रायव्हरला सांग. आपल्यात एक माणूस वाढलंय."

धाकटी नाही म्हणणार होती. मामा होते, दुकान होतं, अर्धा गठ्ठा तसाच पडला होता. पण काकू तिचं मनगट धरूनच दाराबाहेर पडल्या, आणि कुलूप लावायला त्यांचा एकच हात मोकळा होता म्हणून दुसऱ्या बाजूनं ते धाकटीनं धरलं.